पूर्वजांचा शोध आणि पीण्याचे हजेरीपट

आपल्या घराण्याचा इतिहास शोधणे हा निवृत्त माणसांचा निरुपद्रवी छंद आहे, अशी एक समजूत विद्यापीठीय वर्तुळात रूढ आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे लक्ष देण्याचे कारण नाही, असेही त्याबरोबर गृहीत धरले जाते. ही समजूत चुकीची असून तिच्यामुळे भारतीय भाषांच्या अभ्यासाचे प्रत्यक्ष नुकसान होत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्याच्या पुष्ट्यर्थ काही मुद्दे येथे मांडावयाचे आहेत. त्यासाठी निवडलेले स्थळ काहीसे अनपेक्षित वाटेल. ते पुण्याचे पेशवे दप्तर नव्हे, की तंजावरचा सरस्वती महालही नव्हे. ते आहे बंगळूरचे पीण्या औद्योगिक क्षेत्र.

पीण्या हे तुमकूर रस्त्यावर वसले आहे. १९७०नंतरच्या दशकात कर्नाटक शासनाने तेथे टप्प्याटप्प्याने भूखंड पाडून दिले आणि लेथ, ओतकाम, मुलामा, रंगलेपन, तयार कपडे अशा हजारो लहानमोठ्या उद्योगांची वसाहत उभी राहिली. हाच तुमकूर रस्ता पुढे चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर असा पुण्याला जातो. ज्या वाटेने सतराव्या शतकात मराठी घराणी दक्षिणेत उतरली, साधारणपणे त्याच दिशेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सीमाभागातील मराठी कामगार ह्या वसाहतीत आले. १६३८मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने बंगळूर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १६८७च्या सुमारास ते व्यंकोजींच्या हातून जाऊन म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. ह्या अर्धशतकाच्या आधारावर बंगळूरचे मराठीपण सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तथापि सत्ता गेली म्हणून माणसे गेली नाहीत, आणि पुढेही येत राहिली. शिंपी, रंगारी, शिलेदार, कारकून, भिक्षुक आणि अखेरीस लेथवरचे कारागीर, असा हा ओघ आहे. त्यांच्यातील बहुतेकांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही.

काही वर्षांपूर्वी पीण्यातील एका लहान कारखान्याचे मालक प्रस्तुत लेखकाकडे एक कागद घेऊन आले. मूळचे बेळगाव जिल्ह्यातील हे गृहस्थ तरुणपणी कामगार म्हणून आले आणि पुढे त्यांनी दोन यंत्रे घेऊन स्वतःचा व्यवसाय थाटला. कागद मोडीत होता. तो तीन पिढ्या देवघरात, देवांच्या संपुष्टाशेजारी ठेवलेला होता. दसऱ्याला त्याची पूजा होत असे. तो छत्रपतींनी दिलेल्या इनामाची सनद आहे, असे घरात सांगत. "गुरुजी, एवढी सनद वाचून द्या, नातवाला दाखवायची आहे," असे ते म्हणाले.

ती सनद नव्हती. शके १८३४मधील, म्हणजे इसवी सन १९१२च्या सुमाराचे ते गहाणखत होते. एका सावकाराकडून सव्वाशे रुपये घेऊन त्यांच्या पणजोबांनी शेत गहाण टाकले होते. हे सांगताना अवघडल्यासारखे झाले, हे कबूल केले पाहिजे. पूजेतला कागद कर्जाचा निघावा, ह्याचे दुःख काय असते ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. पण कागदाच्या तळाशी दोन निशाण्या होत्या. लिहिता न येणाऱ्याने आपल्या धंद्याचे वा स्थितीचे चिन्ह काढून संमती द्यावी, ही जुनी रीत होती. कुणब्याची निशाणी नांगर, स्त्रीची निशाणी बांगडी. येथे पणजोबांच्या नावापुढे नांगर होता आणि त्याखाली त्यांच्या आईच्या नावापुढे बांगडी होती. ते नाव मी वाचून दाखविले. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या घरात आजीच्या मागे एकाही बाईचं नाव कुणाला ठाऊक नाही. ही पहिलीच."

ह्या एका वाक्यात कौटुंबिक संशोधनाचे प्रयोजन पुरेसे स्पष्ट होते. वंशावळ आणि सार्वजनिक दस्तऐवज ह्यांत मूलभूत भेद आहे. वंशावळ ही घराण्याने स्वतःविषयी सांगितलेली कथा असते. तीत पुरुषांमागून पुरुष येतात. मुली आणि सुना नाहीशा होतात. मूळपुरुष नेहमी शूर वा विद्वान असतो. कर्ज, दावा, जप्ती, धर्मांतर, दुसरे लग्न ह्यांना तेथे जागा नसते. सरकारी कागद मात्र घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी लिहिलेला नसतो. त्याला सारा वसूल करावयाचा असतो, वारस ठरवावयाचे असतात, नोंदणीची फी घ्यावयाची असते. म्हणूनच विधवेची संमती आवश्यक असेल तेथे तिचे नाव येते. मुंबई इलाख्यात १९०३पासून हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. तिच्यातील वारसाच्या फेरफारांत आणि १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर मुलींनी लिहून दिलेल्या हक्कसोडपत्रांत जितक्या स्त्रियांची नावे सापडतात, तितकी शंभर कुलवृत्तान्तांत सापडणार नाहीत. त्या नावांचा उल्लेख बहुधा त्यांच्याकडून काही काढून घेण्याच्या प्रसंगी झालेला आहे, ही गोष्ट वेगळी. पण तीही इतिहासाचीच आहे.

कुलवृत्तान्त हा मराठीतील एक स्वतंत्र वाङ्मयप्रकारच मानावा लागेल. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून अनेक घराण्यांनी चिकाटीने ते सिद्ध केले आणि त्यांत मोलाची सामग्री आहे. परंतु कुलवृत्तान्त त्यांचेच झाले, ज्यांच्याकडे वतने, इनामे आणि लेखणी होती. राजवाड्यांनी १८९८पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने प्रसिद्ध करावयास आरंभ केला, १९१०मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, पुढे सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले. ह्या थोर परंपरेचे ऋण कोणीही नाकारणार नाही. पण 'निवडक' ह्या शब्दात एक निवाडा दडलेला असतो. राजकारण आणि मोहिमा निवडल्या गेल्या. गहाणखते रुमालांतच राहिली. ज्यांच्या पूर्वजांची निशाणी नांगर, ऐरण किंवा बांगडी होती, त्यांनी आपला इतिहास कोठे शोधावा?

जुन्या वृत्तपत्रांचा विचार येथे येतो. १८३२च्या 'दर्पण'पासून मराठी वृत्तपत्रांचा इतिहास आपण शिकवितो, पण तो संपादकांचा आणि अग्रलेखांचा इतिहास असतो. पूर्वजांचा शोध घेणारा मनुष्य अग्रलेख वाचीत नाही. तो शेवटची पाने वाचतो. लिलावाच्या व दिवाणी कोर्टाच्या नोटिसा, बेपत्ता माणसांच्या जाहिराती, परीक्षांचे निकाल, वर्गणीची पोच, दुष्काळ फंडाच्या याद्या, निधनवार्ता ह्या सर्वांत गावे आणि माणसे नावानिशी येतात. 'ज्ञानप्रकाश' १८४९पासून १९५१पर्यंत, म्हणजे शतकाहून अधिक काळ चालला. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९मध्ये निघाला. एकाच प्रदेशातील कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या अशा पत्रांच्या मागच्या पानांवरून जातात. १८७७मध्ये कृष्णराव भालेकरांनी काढलेला 'दीनबंधु' किंवा १९२०चा 'मूकनायक' आणि १९२७चा 'बहिष्कृत भारत' ही पत्रे तर अशी होती की, ज्यांची नावे अन्य वृत्तपत्रांत सहसा गुन्ह्याच्या बातमीखेरीज येत नसत, त्यांना तेथे सभेचा वक्ता, वर्गणीदार, पत्रलेखक म्हणून स्थान मिळाले. ज्या घरात एकही जुना कागद नाही, त्या घरातील आजोबांचे नाव अशा एखाद्या अंकात असू शकते, ही शक्यता लहान नव्हे.

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचेही तसेच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या नोंदवहीत 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. लिहिणाऱ्याला ती रोजची कारकुनी होती. आज महाराष्ट्रात तो दिवस २०१७पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच नोंदवहीत आणि तिच्यासारख्या हजारो नोंदवह्यांत इतर मुलांचीही नावे आहेत. ती मुलेही कोणाचे तरी पूर्वज आहेत.

ह्या कागदांना आज केवळ भावनिक मूल्य उरलेले नाही. २०२३च्या सप्टेंबरात महाराष्ट्र शासनाने कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्याजिल्ह्यांत शाळांच्या नोंदवह्या, कोतवाल बुके, जन्ममृत्यूच्या नोंदी, महसुली दप्तरे ह्यांची छाननी सुरू झाली आणि मोडी वाचणारी माणसे पुरेशी नाहीत, ही गोष्ट एकाएकी साऱ्यांच्या ध्यानात आली. आरक्षणाच्या प्रश्नाची एक बाजू मांडण्याचे हे स्थळ नाही. परंतु पणजोबांच्या नावापुढे कारकुनाने कोणता शब्द लिहिला होता, ह्यावर पणतूच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा निर्णय होत असेल, तर तो शब्द वाचणारा माणूस विश्वासू आणि शिक्षित असणे ही न्यायाची गरज ठरते. ते शिक्षण देण्याचे काम भाषा विभागांनी सोडून दिले, म्हणून ते बाजारात गेले.

बंगळूरच्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत अडचण अधिकच गुंतागुंतीची आहे, आणि भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे असे वाटते. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वर मंदिरासमोरील १६६९चा शिलालेख पाहावा. एकोजींनी, म्हणजे व्यंकोजींनी, देवस्थानास गाव दिल्याचा तो लेख आहे. राजा मराठी, लेख कन्नड. उलटपक्षी म्हैसूर राज्याच्या हिशेबात कन्नडबरोबर मराठीही चालत असे. टिपूच्या काळात फारसीचीही त्यात भर पडली. खेड्यातील हिशेब शानभोगाकडे, म्हणजे आपल्या कुलकर्ण्याच्या स्थानी असलेल्या अधिकाऱ्याकडे असत, आणि काळ्या लेप दिलेल्या कापडाच्या घडीच्या वहीवर, 'कडत'वर, ते लिहिले जात. शहाजीराजांच्या ज्या दरबारात जयराम पिंड्ये ह्याने 'राधामाधवविलासचंपू' हे अनेक भाषांचा समावेश असलेले काव्य रचले, त्याची बहुभाषिकता आपण कौतुकाने वाखाणतो. १९२२मध्ये राजवाड्यांनी ते प्रसिद्ध केल्यापासून त्यावर लिहीतही आलो आहोत. पण ही बहुभाषिकता कवीपुरती नव्हती. ती कारकुनाची, शानभोगाची आणि सामान्य कुटुंबाचीही होती.

म्हणून बंगळूरच्या एखाद्या मराठी घराचा चार पिढ्यांचा शोध घ्यावयाचा झाल्यास मोडी, कन्नड आणि इंग्रजी ह्यांपैकी एकच भाषा वा लिपी जाणणाऱ्यास तो घेता येणार नाही. आडनावे तर जागोजाग वेष बदलतात. महाराष्ट्रातले आडनाव म्हैसुरात येऊन आद्याक्षर होते. नावापुढे 'राव' लागतो. 'रामोजीराव', 'लक्ष्मोजीराव' अशी रूपे रूढ होतात आणि मूळचे कुलनाम एका इंग्रजी अक्षरामागे लपते. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. इंग्रजी कारकून ऐकले तसे लिहितो. कन्नड लेखक आपल्या भाषेच्या वळणाने शब्द वाकवितो. तीन कागदांतील तीन नावे एकाच माणसाची आहेत की तीन निरनिराळ्या माणसांची, हा निर्णय भाषाशास्त्राची जाण असल्याखेरीज होऊ शकत नाही. कालगणनेचेही तसेच. शकात अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी, दख्खनी फसलीत पाचशे नव्वद किंवा एक्क्याण्णव, अरबी सनात पाचशे नव्व्याण्णव किंवा सहाशे मिळवावयाचे, हे ठाऊक नसलेला संशोधक आजोबाला नातवाच्या आधी मारतो.

आपल्या देशात नामनिशीवार जनगणना संशोधकास मिळत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९२१च्या जनगणनेचे तक्ते शंभर वर्षांनी, जानेवारी २०२२मध्ये खुले झाले. कोणासही आपल्या पणजीचे नाव, वय आणि धंदा त्यांत पाहता येतो. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत नोंदी पाहण्यास खुल्या नाहीत. ती गुप्तता योग्य कारणासाठी आहे. परंतु त्यामुळे जे इतर देशांत एका ठिकाणी मिळते, ते आपल्याला दहा ठिकाणी शोधावे लागते: दुय्यम निबंधकाचे बुक नंबर एक, फेरफार, कोर्टाचे निकाल, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, आणि बेळगाव-कोल्हापूरकडे दारोदार येऊन वंशावळ सांगणाऱ्या हेळव्यांच्या चोपड्या. हेळव्याचे सांगणे मौखिक साहित्य म्हणून कोणी अभ्यासले, तर त्यास प्रबंध म्हणतात. घरच्या माणसाने आपल्या पणजोबांसाठी ते ऐकले, तर त्यास छंद म्हणतात. हा भेद समर्थनीय नाही.

आता एक आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पूर्वजांचा शोध म्हणजे जातीच्या अभिमानाला खतपाणी, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. घराण्याचा इतिहास पुष्कळदा मिरविण्यासाठीच लिहिला जातो. परंतु ह्यावरचा उपाय कागद बंद ठेवणे हा नसून ते नीट वाचणे हा आहे. अभिमान दंतकथेवर पोसतो. दस्तऐवज त्याला सहसा साथ देत नाही. वर सांगितलेल्या गृहस्थांची सनद गेली आणि गहाणखत हाती आले. त्यांनी तो कागद देवघरातून काढला नाही. "सनद कुणीही मिरवील," ते पुढे एकदा म्हणाले, "पण सव्वाशे रुपयांसाठी शेत गेलं नसतं तर मी इथं लेथवर उभा राहिलो नसतो." शेताचे पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः फेरफारांतून शोधून काढले होते. आपण येथे का आहोत, ह्या प्रश्नाचे इतके प्रामाणिक उत्तर कुलवृत्तान्तात क्वचितच मिळते.

शेवटचा मुद्दा भविष्याविषयी आहे. आज पीण्यात काम करणारी माणसे पन्नास-साठ वर्षांनी कोणाची तरी पूर्वज होणार आहेत. त्यांच्यातील बहुसंख्यांकडे ज्या गावी ते राबले तेथे जमीन नाही, म्हणून फेरफार नाही. भाड्याच्या खोल्या बदलत गेल्याने स्थिर पत्ता नाही. त्यांचे नाव कोठे असेल तर ते हजेरीपटावर, पगारपत्रकावर, कामगार विम्याच्या आणि भविष्यनिर्वाह निधीच्या कागदांत, अपघात-नोंदवहीत. कायदा हे कागद ठेवावयास लावतो, पण मुदतीपुरतेच. मुदत संपली की ते रद्दीत जातात. कारखाना बंद पडला तर मुदतीची वाटही कोणी पाहत नाही. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारच्या व त्याच्या अखत्यारीतील संस्थांच्या दप्तरांपुरता आहे. खाजगी कारखान्याच्या हजेरीपटाला तो लागू नाही. टाटा उद्योगसमूहाचे अभिलेखागार पुण्यात आहे, गोदरेजचे २००६पासून मुंबईत आहे. बंगळूरमध्येही विज्ञानसंस्थांनी अलीकडे आपली दप्तरे जपण्यास आरंभ केला आहे. थोरांची दप्तरे जपली जातात, लहानांची जात नाहीत. म्हणजे सरदार आणि कुणबी ह्यांच्या कागदांत अठराव्या शतकात जो भेद झाला, तोच एकविसाव्या शतकात मोठा उद्योगसमूह आणि दहा माणसांचा कारखाना ह्यांच्यात आपण पुन्हा होऊ देत आहोत. पेशवे दप्तराच्या बाबतीत निदान रुमाल शिल्लक होते.

ह्यास्तव दोन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. पहिली अशी की, भारतीय भाषांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात दस्तऐवज-वाचनाची एक अनिवार्य पत्रिका असावी. मराठीच्या विद्यार्थ्यास मोडी आणि शेजारच्या एका भाषेची लिपी, कन्नडच्या विद्यार्थ्यास शानभोगी हिशेबांची रीत, ह्यांचा प्रत्यक्ष परिचय व्हावा. गहाणखत, महजर, कैफियत, कोर्टाची नोटीस हेही गद्यच आहे. ते वाचता न येणाऱ्या साहित्याभ्यासकाच्या गद्यविषयक ज्ञानात मोठी उणीव राहते. दुसरी अशी की, पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतील विद्यापीठांनी आणि उद्योजकांच्या संघटनांनी मिळून बंद पडलेल्या कारखान्यांची जुनी दप्तरे, निदान नमुन्यादाखल, ताब्यात घेऊन जतन करावीत. त्यांतील नाजूक मजकूर ठराविक वर्षे बंद ठेवता येईल. पण रद्दीवाल्याने नेलेला कागद कोणत्याही मुदतीनंतर खुला होणार नाही.

एखाद्या हजेरीपटावर कन्नड मुकादमाने मराठी माणसाचे नाव आपल्या लिपीत लिहिले असेल आणि त्यापुढे त्या माणसाने देवनागरीत वेडीवाकडी सही केली असेल. नांगर आणि बांगडी ह्यांच्या जागी आलेली ही सही शंभर वर्षांनी कोणी शोधीत येईल. ती त्याला सापडावी, एवढी तजवीज आज करणे आपल्या हाती आहे.